ऑल-व्हील ड्राइव्ह असताना विंटर टायर लागतात का?

प्रेषक: ईशान्य कॅलगरीतला नवा सभासद

मंडळींना नमस्कार,

आम्ही जूनमध्ये पुण्याहून इथे कॅनडात आलो. मागच्या महिन्यात पाच वर्षं वापरलेली होंडा सीआर-व्ही घेतली, ऑल-व्हील ड्राइव्हवाली. विकणारा म्हणाला, चारही चाकांना ताकद जाते, त्यामुळे ऑल-सीझन टायरवर हिवाळा आरामात निघतो. वेगळे विंटर टायर रिमसकट घ्यायचे तर खर्च बराच आहे. पण बायको रोज डीअरफूट ट्रेल या शहरातल्या महामार्गाने कामाला जाणार आहे आणि नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रेव्हलस्टोकला जायचं मनात आहे. आपल्या अल्बर्टा प्रांतात विंटर टायरची सक्ती नाही असं कळलं. मग घ्यावेत की एक हिवाळा पाहून ठरवावं? पुण्यात चौदा वर्षं गाडी चालवली, बर्फावर अजून एकदाही नाही.

प्रेषक: वायव्य कॅलगरीतला जुना सभासद

नमस्कार,

घ्या. चारही घ्या, आणि ऑक्टोबर संपायच्या आत बसवून टाका. कारण जरा सविस्तर लिहितो, कारण दर वर्षी कोणी ना कोणी हेच ऐकून गाडी घेतं आणि मला त्याची काळजी वाटते.

तुमच्या गाडीत मुख्यतः पुढची चाकं गाडी ओढतात. मागे जाणारा शाफ्ट फिरत असतो, पण मागच्या डिफरन्शियलपाशी (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) प्लेटांचा एक क्लच असतो. गाडी सुटताना, किंवा पुढची चाकं घसरतायत असं संगणकाला कळलं, की त्या प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात आणि ताकद मागे पोचते. सुबारूत ताकद कायमच चारही चाकांना जाते. टोयोटा आरएव्ही-फोरच्या हायब्रिडमध्ये मागे शाफ्टच नाही, मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर आहे. तऱ्हा वेगवेगळ्या, पण काम एकच: इंजिनची किंवा मोटरची ताकद चाकांमध्ये वाटणं. सिग्नल सुटल्यावर निघायला, चढ चढायला, गल्लीतल्या ढिगातून बाहेर पडायला याचा फार उपयोग होतो.

ब्रेक दाबल्यावर मात्र वाटायला ताकदच उरत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, साध्या करोलालाही. तिथून पुढे गाडी थांबवतो तो फक्त टायर, आणि तळहाताएवढा त्याचा जो भाग रस्त्याला टेकलाय तेवढाच. वळणावरही तेच. शिवाय तुमची गाडी लहान गाडीपेक्षा जड आणि उंच आहे.

मला याहून मोठा धोका वाटतो तो वेगळाच. पुढची चाकं ओढणारी साधी गाडी सिग्नलला निघतानाच जागच्या जागी चाकं फिरवते. ती तुम्हाला सांगते की बाबा, आज रस्ता वाईट आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह तेवढंच सांगत नाही. गाडी झोकात निघते, पन्नासवर जाते, आणि रस्ता निसरडा आहे हे कळतं ते थेट ब्रेक दाबल्यावर.

माझ्या बाबतीत अगदी असंच घडलं. जानेवारी होता, दुपारी चिनूकचा गरम वारा आला, रस्त्यावर पाणी पाणी झालं आणि संध्याकाळी सगळं पुन्हा गोठलं. टायर ऑल-सीझन. एका सिग्नलवरून छान निघालो, पुढचा सिग्नल उतारावर होता. तो लाल झाला, ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथर सुरू झाली आणि गाडी शांतपणे चौकाच्या पार निघून गेली. मागच्या सीटवर मुलगी होती. आडव्या रस्त्यावर त्या क्षणी कोणी नव्हतं, म्हणून आज हे लिहितोय. दुसऱ्या दिवशी टायर घेतले.

ऑल-सीझनचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली ताठ होऊ लागतं. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का पाहा. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे नक्षीच्या घडणीपुरतं असतं, त्यामागे बर्फावरची चाचणी नसते. ज्यांना दोन संच परवडत नाहीत त्यांच्यासाठी हे चिन्ह असलेले ऑल-वेदर टायर मिळतात, ते वर्षभर चालतात. शहरात ठीक आहेत, पण रेव्हलस्टोकच्या वाटेवर मी खरे विंटरच घेईन.

खर्चाचं म्हणाल तर एक संच चालत असताना दुसरा झिजत नाही, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं टिकतात.

आता रेव्हलस्टोक. अल्बर्टात सक्ती नाही, पण हद्द ओलांडून ब्रिटिश कोलंबियात शिरलात की डोंगरी महामार्गांवर 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल हिवाळी टायर लागतात. तिथे कायद्याला एम प्लस एसही चालतं, पण नक्षीची खोली किमान 3.5 मिलिमीटर हवी. वाटेत रॉजर्स पास आहे, 1330 मीटर उंचीवर. तिथे हिमकडे मुद्दाम पाडण्यासाठी कॅनडाचं सैन्य तोफा डागतं, आणि ते चालू असताना महामार्ग बंद ठेवतात. तासन् तास थांबावं लागू शकतं. म्हणून निघण्याआधी रस्ता उघडा आहे का ते पाहा, टाकी अर्धी व्हायच्या आत भरत जा, आणि मुलांसाठी खायला, पांघरायला जास्तीचं ठेवा. धपाटे, दशम्या अशा प्रवासात फार कामी येतात.

उतारावर आपल्या घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम आठवा: ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर मिळतो. पण तो उताराच्या वरच टाका. घसरत असताना मध्येच टाकलात तर चाकांना हिसका बसतो. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. आणि वेग दीडपट केला की ब्रेक लागल्यापासून थांबायचं अंतर सव्वादोन पट होतं, हे बर्फावर तर फारच जाणवतं.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. गल्लीतून निघाल्यावर मागेपुढे कोणी नाही असं पाहून एकदा हळूच ब्रेक दाबून बघायचा. गाडी जे सांगत नाही ते रस्त्यालाच विचारायचं.

प्रेषक: दक्षिण कॅलगरीतली एक सभासद

काकांनी सगळं नीट लिहिलंय. मी रात्रपाळीला जाते, म्हणून थोडी भर घालते.

नवीन माणसाला उणे 25 ची भीती वाटते, पण त्या थंडीत बर्फ कोरडा असतो आणि टायर त्याला बऱ्यापैकी धरतो. मला भीती वाटते ती शून्याच्या आसपासची. तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. पूल आणि फ्लायओव्हर खालूनही गार पडतात, त्यामुळे ते आधी गोठतात. रस्ता नुसता ओला दिसतोय आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाहीये, तर तो ब्लॅक आईस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर समजा.

एबीएस थरथरायला लागला की माझा पाय दचकून वर यायचा. तसं करू नका. पाय दाबलेलाच ठेवा आणि जिथे जायचंय तिकडे बघत स्टिअरिंग वळवा.

हवा तपासत राहा. तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतं. गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे 20 ला बरीच कमी भरते.

गाडी बर्फात रुतली आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. बाकी फावडं, वाळूची पिशवी, उणे 40 चं वॉशरचं पाणी. उणे 15 च्या खाली ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) प्लगला लावा.

आमच्या घरी जुना पिकअप आहे, त्याचं फोर-व्हील ड्राइव्ह वेगळं. ते हाताने लावायचं, त्यात पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. बर्फावर ती फरकापुरती घसरून घेतात, कोरड्या रस्त्यावर मात्र सगळा ताण गिअरवर येतो आणि गाडी अडखळते. रस्ता कोरडा लागला की ते काढून टाकायचं. कोणी पिकअप किंवा जीप रँगलर घेत असेल तर मॅन्युअलमधलं ते पान आधी वाचा.

प्रेषक: ईशान्य कॅलगरीतला नवा सभासद

काका, ताई, मनापासून आभार. बायकोलाही वाचायला दिलं. एकच शंका: यंदा पुढचे दोनच विंटर टायर घेतले आणि मागचे पुढच्या वर्षी, तर चालेल का?

प्रेषक: वायव्य कॅलगरीतला जुना सभासद

नको. पुढची चाकं धरतील आणि मागची सुटतील, म्हणजे वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर गाडी गर्रकन फिरेल. शिवाय पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक पडला की गाडीला ते घसरणं वाटू शकतं आणि तो मागचा क्लच उगाच तापत राहतो. चारही एकाच जातीचे, एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत. हात आखडता असेल तर साध्या लोखंडी रिमवर घ्या, कमी झिजलेला वापरलेला संच शोधायला मी मदत करतो. आणि गाडी कधी ओढून न्यायची वेळ आली तर सपाट ट्रकवरच चढवायला सांगा, दोन चाकं रस्त्यावर ठेवून नव्हे.

ज्या हॉलमध्ये आपला गणपती बसतो त्यांचं पार्किंग रविवारी सकाळी रिकामं असतं. मी त्यांची परवानगी काढून ठेवतो. पहिला बर्फ पडला की मेल टाका, दोघंही या. तीसच्या वेगाने ब्रेक दाबून गाडी कुठे थांबते ते मोजून बघू. वहिनींना आधी चालवू द्या, डीअरफूटवर रोज त्याच जाणार आहेत.