ओमानमध्ये एकच गाडी घेऊन वाळवंटात आणि डोंगरात मुक्काम: आपला घाटातला अनुभव तिथे पुरेल का?

घाटवाट (कोथरूड, पुणे)

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे सासरे, ओमानला जाणार आहोत. मस्कतला फोर बाय फोर गाडी भाड्याने घ्यायची, निझवामार्गे जबल शम्सच्या पठारावर एक रात्र तंबूत काढायची, वादी बनी औफच्या (वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदीची घळ) कच्च्या रस्त्याने रुस्ताककडे उतरायचे आणि शेवटी शर्किया, म्हणजे जुन्या नावाने वहिबा, वाळवंटात दोन रात्री स्वतःच्या तंबूत राहायचे, असा बेत आहे. गाडी बहुतेक मीच चालवते. ताम्हिणी, वरंधा आणि पावसाळ्यातले मुळशीकडचे चिखलाचे रस्ते गेली दहा वर्षे आमच्याच फोर बाय फोर गाडीने केले आहेत. वाळूचा अनुभव मात्र अलिबागच्या किनाऱ्यापलीकडे नाही. एवढ्या भांडवलावर एकट्या गाडीने वाळवंटात शिरणे योग्य ठरेल का, आणि टायरमध्ये हवा नेमकी किती ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना मस्कतकर (सहकारनगर, पुणे)

ताई, मस्कतला अकरा वर्षे नोकरी केली आणि हिवाळ्यातले बहुतेक सुट्टीचे दिवस वाळूत घालवले, म्हणून स्पष्टच लिहितो. डोंगरात तुमचा अनुभव उपयोगी पडेल. वाळूत तोच अनुभव तुम्हाला फसवेल.

चिखलात चाक फिरू लागले की आपण थोडा जोर देतो, कारण वेगाने फिरणाऱ्या टायरच्या नक्षीतला चिखल उडून जातो आणि खालची कडक जमीन लागण्याची शक्यता असते. वाळूत खाली कडक असे काही लागतच नाही. तिथे चाक जागेवर फिरले की ते स्वतःसाठी खड्डा खणते आणि चार-पाच सेकंदांत गाडीचे पोट वाळूवर टेकते. म्हणून चाक फिरायला लागताच पाय उचलायचा आणि आलेल्याच चाकोरीतून सरळ मागे यायचे. थांबतानाही ब्रेक दाबायचा नाही, गाडी आपोआप मंदावू द्यायची, आणि शक्यतो उताराकडे तोंड करून थांबायचे. ब्रेक लावला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना गाडीला प्रथम तोच ओलांडावा लागतो.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. पहिल्याच वर्षी एका चढावर अर्ध्यात घाबरून मी करकचून ब्रेक मारला आणि गाडी दरवाजाच्या पायरीपर्यंत रुतली. फावडे घरीच राहिले होते, त्यामुळे दोघांनी जेवणाच्या स्टीलच्या ताटांनी दोन तास वाळू उपसली. एक ताट काढावे तर बाजूची दीड ताट पुन्हा आत घसरे. शेवटी आमची दुसरी गाडी शोधत आली आणि तिने टोचन लावून बाहेर काढले. दुसरी गाडी नसती तर ती रात्र तिथेच गेली असती.

हवेबद्दल: डांबरी रस्त्यावर ३५ च्या आसपास असते, ती वाळूत १५ ते १८ पीएसआयवर आणावी. टायर पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांब होतो आणि तेच वजन जास्त जागेवर वाटले जाते. इतक्या कमी हवेवर झटक्याने वळण घेतले, तर टायर रिमवरून सुटू शकतो, म्हणून वळणे मोठी आणि संथ घ्यावीत. परत डांबरावर येताच आधी हवा भरावी; कमी हवेवर वेगात पळणारा टायर तापून फुटतो. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बिदिया गावात रस्त्यालगत टायरवाले आहेत, ते हवा सोडूनही देतात आणि भरूनही देतात.

वहिबातल्या टेकड्या बहुतांशी उत्तर-दक्षिण लांबलचक ओळींत पसरलेल्या आहेत. दोन ओळींमधल्या सपाटीवरून उत्तर-दक्षिण जाणे फारसे अवघड नाही. पूर्व-पश्चिम निघालात की प्रत्येक ओळ ओलांडावी लागते आणि काही ओळी शंभर मीटरपर्यंत उंच आहेत. टेकडी चढायची तर नाकासमोर सरळ, उतरायची तरी सरळच. तिरके गेल्यास गाडी कलंडते. माथ्यापलीकडे काय आहे ते खालून दिसत नाही, त्यामुळे शंका आली तर आधी पायी चढून पाहावे. सकाळी वाळू गारठून जरा घट्ट असते आणि सावल्यांमुळे उंचसखलपणा नीट दिसतो. भर दुपारी सगळे एकाच रंगाचे होऊन जाते.

एकट्या गाडीने मुक्काम करू नये, हेच माझे उत्तर. वाळवंटातल्या एखाद्या पर्यटक तळावर (कॅम्पवर) राहावे, त्यांच्या गाडीमागून आत जावे आणि तंबूची हौस डोंगरात भागवावी.

शनिवारवाली (औंध, पुणे)

वरील सर्व मान्य. एक जोड देते: भाड्याचा करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. आम्ही घेतलेली गाडी फोर बाय फोर होती, तरी विम्यात डांबरी रस्ता सोडून झालेले नुकसान धरलेलेच नव्हते. दगड लागून फाटलेल्या एका टायरचे आणि खालच्या पत्र्याचे पैसे आम्हाला खिशातून भरावे लागले. कच्च्या रस्त्याची परवानगी आहे का, हे लेखी विचारून घ्या.

दगडधोंडे (सिंहगड रस्ता, पुणे)

मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी होतो, तेव्हा डोंगराबद्दल लिहितो. जबल शम्सच्या ज्या पठारावर आपण तंबू लावणार आहात, ते सुमारे २,००० मीटरवर आहे, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षाही बरेच उंच. डिसेंबरच्या रात्री तिथे थंडीबरोबर वाराही असतो. सासऱ्यांसाठी जाड सतरंजी आणि लोकरी टोपी यांत कुचराई करू नये. गारवा जमिनीतून जास्त चढतो.

बनी औफचा उतार तीव्र आणि अरुंद आहे. तिथे फोर-लोमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या मंद पण जोरकस गिअरपट्टीत, पहिल्या गिअरवर, इंजिनाच्या रोधानेच उतरावे. वरंध्यात जसा अधूनमधून ब्रेकवर पाय ठेवतो तसा इथे सतत ठेवला, तर ब्रेक तापून निकामी होतात. शिवाय तिथे वाहतूक उजवीकडून चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असते, त्यामुळे उजव्या बाजूला दरी आली की कड आणि चाक यांच्यातले अंतर आपल्या सवयीच्या अंदाजाने चुकते. पहिला दिवस मस्कत-निझवा या मोठ्या रस्त्यावर हात बसवण्यासाठी ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वादीच्या पात्रात तंबू लावू नये. कोरडी वाळू, सावली, आडोसा असे सगळे तिथेच मिळते, म्हणून मोह होतो. हे डोंगर बरेचसे उघड्या चुनखडीचे आहेत. सह्याद्रीसारखी माती आणि झाडी नसल्याने पाणी मुरत नाही, वर पडले की थेट खाली धावते. आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना वीस-तीस किलोमीटरवर पडलेल्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. एप्रिल २०२४ मध्ये शर्किया भागातल्या समद अल शान येथे शाळकरी मुलांना घेऊन जाणारी गाडी अशाच पुरात वाहून गेली. वाहते पाणी घोट्याएवढे दिसले तरी गाडी घालू नये, थांबावे. बहुधा काही तासांत ते ओसरते.

जाता जाता, शेकोटीसाठी झाड तोडू नका. वाळवंटाच्या कडेला दिसणारे ‘गाफ’ म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमीच. पांडवांनी शस्त्रे ठेवलेले झाड तिथे उंटांना सावली देत उभे असते. पायथ्याच्या गावातून जळण विकत न्यावे.

घाटवाट (कोथरूड, पुणे)

सर्वांची मनापासून आभारी आहे. ताटांनी वाळू उपसण्याचा प्रसंग घरी मोठ्याने वाचून दाखवल्यावर स्वतःच्या तंबूचा आग्रह यजमानांनी आपणहून सोडला. वाळवंटात एकच रात्र, तीही तळावर, आणि उरलेली रात्र डोंगरात असे ठरले आहे. बनी औफला त्या दिवशी डोंगरावर ढग दिसले तर आल्या रस्त्याने निझवाला परतू. सासऱ्यांचा पहाटे पाचच्या चहाचा हट्ट आहे. गॅसची छोटी बाटली विमानातून नेता येईल का?

जुना मस्कतकर (सहकारनगर, पुणे)

नाही, भरलेली बाटली हातातल्या सामानात चालत नाही आणि बॅगेतही चालत नाही. शेगडी स्वच्छ धुऊन न्या, बाटली मस्कतच्या मोठ्या दुकानात घ्या, पण पठारावर वारा ज्योत टिकू देत नाही, म्हणून शेगडीभोवती लावायला पत्र्याचा आडोसा जरूर न्या. पाणी माणशी रोजचे पाच लिटर धरा, चहाचे वेगळे.