अनुभव धागा: बर्फ वितळला, आता लॉनचं काय?

मिनेसोटावाली

एप्रिल उजाडला की ड्राइववेच्या कडेचा काळपट बर्फाचा ढीग एकदाचा बसतो आणि खालून जे निघतं ते बघून दर वर्षी पोटात गोळा येतो. वाळक्या गवताचे चिकटलेले पापुद्रे, राहून गेलेली पानं, शेजारच्या मुलाचा हातमोजा. थंडीच्या देशांत घर घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना या हिरवळीने कधी ना कधी रडवलं असणार. तुम्ही काय केलंत, काय फसलं, काय उगाच केलं, ते इथे लिहा. सुरुवात माझ्यापासून.

2022-23 चा हिवाळा आमच्याकडे विक्रमी म्हणावा असा होता. मिनियापोलिस-सेंट पॉलला मोसमात 90.3 इंच बर्फ पडला, म्हणजे साडेसात फूट. तो वितळल्यावर लॉनवर ताटाएवढे गोल, फिकट डाग निघाले, कोणी तापलेले तवे ठेवून उचलल्यासारखे. जवळून पाहिलं तर गवतावर कोळिष्टकासारखी करडी बुरशी आणि पात्यांना चिकटलेले मोहरीसारखे दाणे. त्यातून डागा-डागांमधून नागमोडी बोळ गेलेले. मी घाबरून बुरशीनाशकाची मोठी बाटली घेऊन आले.

त्या वर्षी माझे बाबा आले होते. सोलापूरकडची कोरडवाहू शेती, जन्म ज्वारीत गेलेला. मी बाटली, दंताळं, बियाणं सगळं अंगणात मांडलं. ते खाली बसले, मूठभर माती घेऊन दाबली, माझ्यापुढे धरली. चिखलाचा लाडू. म्हणाले, "अगं, वापसा कुठंय अजून? आत्ता पाय घातलास तर दगड होईल जमिनीचा." आणि मला आत पाठवलं.

दहा-बारा दिवस थांबलो. वापसा आल्यावर, म्हणजे माती भुसभुशीत होईल इतकी सुकल्यावर, हलक्या हाताने दंताळं फिरवलं, चिकटलेली पाती नुसती उभी केली, वारा लागू दिला. बाटली उघडलीच नाही. ही करडी बुरशी लांबच्या बर्फाखाली वाढते आणि बहुधा पात्यांपुरती राहते. ऊन-वारा लागला की तिचा खेळ संपतो, तेव्हा वसंतात औषध मारून काही मिळत नाही. गुलाबी जातीची बुरशी असते ती जास्त वाईट, ती पाती फुटतात त्या बुडख्यापर्यंत जाते आणि तिला बर्फही लागत नाही. ते बोळ व्होल नावाच्या उंदराच्या भावंडाचे. बर्फाच्या छताखाली घारी-घुबडांची भीती नाही, महाशय हिवाळाभर गवत खात हिंडलेले. त्या पट्ट्यांवर थोडं बी टाकलं, मे अखेर शोधूनही सापडेनात.

आता ऑक्टोबरच्या शेवटच्या कापणीला गवत नेहमीपेक्षा थोडं आखूड ठेवते आणि पानं एकूण एक गोळा करते. डाग पडतात, पण वाटीएवढे.

बफेलोकर

आमचं दुखणं मिठाचं. डिसेंबर 2022 चं वादळ ज्यांनी पाहिलं त्यांना बर्फाचं सांगायला नको. मी नवा घरमालक, उत्साह दांडगा. ड्राइववेवर जाडं मीठ पोत्याने ओतलं, वर तोच खारा बर्फ ब्लोअरने उडवून लॉनवर रचला. साधं मीठ उणे 9 सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही हे ठाऊक नव्हतं. वितळेना म्हणून आणखी टाकलं. वितळलं तेव्हा सगळं एकदम मुळाशी.

वसंतात सगळीकडे हिरवं आणि ड्राइववेच्या दोन्ही बाजूंना दोन फुटी तपकिरी किनार. बायको म्हणाली, नऊवारीचा काठ छान विणलाय.

पहिल्या वर्षी त्यावर खत टाकलं. खत हेही क्षारच, म्हणजे जखमेवर मीठ शब्दशः. दुसऱ्या वर्षी माती मोकळी झाल्यावर नळी लावून सावकाश भरपूर पाणी मुरवलं, दोन-तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा. मीठ खाली वाहून गेलं. मग रायग्रास आणि टॉल फेस्क्यू पेरलं, कारण केंटकी ब्ल्यूग्रासला मीठ फारसं सोसत नाही. आता निसरड्या जागी वाळू टाकतो, मीठ अगदी पायरीवर चिमूटभर. खत टाकायला तसाही 1 एप्रिलपर्यंत कायद्याने हात बांधलेत आमच्या राज्यात, आणि ते बरंच आहे.

मिनेसोटावाली

@बफेलोकर, बाबा यंदाही इथेच आहेत, तुमचं त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर तत्काळ: "चोपण जमीन झाली होती, जिप्सम घालायचं." (चोपण म्हणजे सोडियम चढून घट्ट झालेली.) इथेही जिप्समची पोती मिळतात, पण माती भारी, चिकण असेल आणि सोडियम चढलं असेल तरच उपयोग. निचऱ्याच्या मातीला नुसतं पाणी पुरतं.

एडिसनचा आळशी

माझी गोष्ट मूर्खपणाची आहे, तेव्हा नाव विचारू नका.

बर्फाने टकलं पडली होती म्हणून मार्चअखेर 20 पौंड महागडं बी पेरलं. त्याच शनिवारी दुकानातून 'क्रॅबग्रास (लॉनमधलं एक तण) उगवू देत नाही' असं लिहिलेलं खताचं पोतं आणून तेही फिरवलं. एका फेरीत दोन कामं, स्वतःवरच खूष. तीन आठवडे रोज पाणी. चौथ्या आठवड्यात शेजारच्या इटालियन आजोबांनी कुंपणावरून विचारलं, रोज पाणी कशाला घालतोस? सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खुर्ची आणून द्यावी लागली.

जे औषध क्रॅबग्रासचं बी रुजू देत नाही, त्याला माझं महागडं बी वेगळं कसं कळणार? पोत्यामागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की इतके महिने पेरणी करू नये. पेरणी आणि तणप्रतिबंध यांतलं वसंतात एकच निवडायचं. दोन्ही चालणारी एक-दोन औषधं आहेत, मेसोट्रायोन त्यातलं एक, पण लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका. हे मी सांगतोय!

आजोबांनी वेळेचंही गणित शिकवलं. फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलून गळायला लागतात त्या सुमारास क्रॅबग्रास जागं होतं. मातीचं तापमान तेव्हा 55 फॅरनहाइटच्या आसपास असतं. आपल्याकडे बहावा फुलला की पाऊस जवळ आला म्हणतात, तसलंच हे पंचांग. मी आता तणप्रतिबंध वसंतात आणि पेरणी सप्टेंबरात करतो. सप्टेंबरात माती गरम, हवा गार, तण कमी. आणि रायग्रास आठवड्यात दिसतं, पण ब्ल्यूग्रास तीन-तीन आठवडे वाट बघायला लावतं. मिश्रण पेरून दहाव्या दिवशी 'अर्धंच उगवलं' म्हणून परत पेरणारेही आहेत. (तोही मीच.)

डॅलसची माई

तुम्हा उत्तरेकडच्यांना हसू येईल, पण आम्हालाही हिवाळ्याने झोडपलंय. 16 फेब्रुवारी 2021 ला डॅलस विमानतळावर उणे 2 फॅरनहाइट, म्हणजे उणे 19 सेल्सिअस. वीज गायब, नळ फुटलेले, आम्ही चौघं एका खोलीत गोधड्यांत. लॉन कोणाच्या डोक्यात नव्हतं.

मार्चमध्ये बाहेर पाहिलं तर पुढचं-मागचं सगळं एकसारखं पेंढ्याच्या रंगाचं. पुढे ऊन येतं म्हणून बर्म्युडा गवत, मागे ओकच्या सावलीत सेंट ऑगस्टीन गवत. पुढचं दर हिवाळ्यात वाळतंच, त्यामुळे जिवंत की मेलेलं हे रंगावरून कळेना. एका अनुभवी मैत्रिणीने दोन युक्त्या सांगितल्या. एक, मूठभर धरून ओढा. सहज हातात आलं तर गेलं. दुसरी, मातीसकट वीतभर तुकडा कापून कुंडीत लावा, खिडकीत ठेवा, पाणी घाला. मी दोन्हीकडचे तुकडे दोन कुंड्यांत लावले. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या कुंडीत हिरवी टोकं, मागच्या कुंडीत शुकशुकाट.

एप्रिलअखेर पुढचं अंगण असं उठलं की काही घडलंच नव्हतं. मागे फक्त घराच्या भिंतीलगत हातभर पट्टी वाचली, भिंतीची ऊब मिळाली म्हणून. कारण साधं आहे. सेंट ऑगस्टीनचे धुमारे जमिनीवरून पसरतात, उघड्यावर गारठतात. बर्म्युडाची मुळकांडं जमिनीच्या पोटात असतात.

आणि बर्म्युडा म्हणजे कोण? आपली हरळी! दूर्वा! तेच ते झाड, सायनोडॉन डॅक्टिलॉन. आई आयुष्यभर 'हरळीची मुळी आहे, मेली तरी मरत नाही' म्हणायची, तेव्हा ती शेजारणीबद्दल बोलायची. मला त्या वाक्याचा खरा अर्थ टेक्सासमध्ये कळला. मागच्या अंगणात मे महिन्यात तयार गवताच्या नव्या चटया आणून लावल्या, त्याला बरेच पैसे गेले. पुढे एक कोपरा बिनफवारणीचा राखलाय. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी तिथूनच.

मिनेसोटावाली

माई, हे ऐकून बाबा उठूनच बसले. "हरळी पैसे देऊन लावतात?" त्यांच्या अर्ध्या उन्हाळी मशागती हरळी आणि कुंदा खणून काढण्यात गेल्या आहेत. दिवसभर तेच चालू आहे, अधूनमधून मान हलवतात आणि म्हणतात, "हरळी!"

ब्रॅम्प्टनची सून

आमच्याकडे ऑन्टारिओत 22 एप्रिल 2009 पासून शोभेसाठी रासायनिक तणनाशकं मारायला बंदी आहे. त्यामुळे मे महिन्यात डँडेलियनने अख्खी गल्ली पिवळी होते. लोहाचं एक औषध चालतं, त्याने पानं काही तासांत काळी पडतात, पण जाड मुळातून पुन्हा फुटतात. शेवटी खुरपं. पाऊस पडून गेल्यावर मूळ अख्खं निघतं.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी खुरपत होते. त्यांनी एक पान तोडून चावलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर भाजी आहे. टाकतेस काय?" लसूण, सुकी मिरची, मूगडाळ घालून परतली. कडू असते, मेथीच्या वरताण, पण फुलं यायच्या आधीची कोवळी पानं खरंच छान लागतात. रस्त्याकडेची घेऊ नका, तिथे कुत्री आणि मीठ दोन्ही असतं.

खरा त्रास मात्र वेगळा. एका एप्रिलमध्ये सकाळी उठून पाहिलं तर लॉन उलटंपालटं, सतरंजी गुंडाळल्यासारखं. रात्री स्कंक आणि रॅकून येऊन गेलेले. गवताखाली पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या होत्या, आपली हुमणीच. ऊस लावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. अळ्यांनी मुळं खाल्लेली, म्हणून गवत चादरीसारखं उचललं जात होतं. मी लगेच सूत्रकृमी (अळ्या मारणारे बारीक जंत) आणून सोडले, पैसे वाया. वसंतात अळी मोठी आणि निबर असते, लवकरच कोषात जाणार असते. ऑगस्टअखेर लहान अळ्यांवर, संध्याकाळी, ओल्या जमिनीत सोडले तेव्हा फरक पडला. त्या वसंतात करण्यासारखं एवढंच होतं: चादर परत पसरायची, पायाने दाबायची, पाणी घालायचं.

म्युनिचकर

जर्मनीत एकच इशारा. बर्फानंतर लॉनमध्ये शेवाळ फार, म्हणून रविवारी निवांत विजेवरचं खरवडयंत्र लावलं. दहा मिनिटांत शेजारी दारात. रविवारी वस्तीत असली यंत्रं चालवायला कायद्याने मनाई. माफी मागितली, तो निघून गेला, यंत्रही बंद. सोमवारी कळलं की त्याला शेवाळाबद्दलही काही सांगायचं होतं: सावली आणि दबलेली माती तशीच ठेवलीस तर खरवडून उपयोग नाही, पुढच्या वर्षी परत येईल. आलंच.

शिकागोचा वैतागलेला

सगळे इतके मनापासून लिहितायत की बोलू की नको असं झालंय. जानेवारी 2019 मध्ये इथे उणे 23 फॅरनहाइट होतं. त्या वसंतात खड्डे, डाग, सगळंच. मी दोन वर्षं झगडलो. भाड्याने आणलेलं भोकं पाडायचं यंत्र गाडीत चढवताना कंबर धरली, ती अजून सुटली नाही. (मातीचे तुकडे बाहेर काढतं तेच यंत्र खरं. खिळ्यांचे बूट घालून चालणं म्हणजे माती आणखी ठासणं.)

मग उन्हाच्या बाजूला पांढरं क्लोव्हर पेरलं. हवेतला नत्र स्वतः धरतं, आखूड राहतं, मधमाश्या येतात. पहिल्या वर्षी वस्तीच्या समितीचं पत्र आलं, तेव्हा पुढची दहा फूट पट्टी गवताची ठेवली. आता सगळे खूष. पण मुलं अनवाणी धावतात, मधमाशी एकदा चावली, हेही सांगायला हवं.

एडिसनचा आळशी

मोअर कोणाचा चालू झाला? माझा नाही. पाच महिने टाकीत जुनं पेट्रोल.

बफेलोकर

कार्बुरेटर साफ करा, ताजं पेट्रोल घाला. आणि शेवटच्या कापणीनंतर टाकी रिकामी होईस्तोवर चालू ठेवायची सवय लावा. पहिल्या कापणीला पातं धार लावून घ्या, बोथट पात्याने गवत फाटतं. तीन इंचांच्या खाली जाऊ नका, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उडवू नका.

मिनेसोटावाली

बाबांना खताच्या दुकानात नेलं होतं. त्यांनी विचारलं, "18:46 नाही का?" म्हणजे डीएपी. त्यांना पोत्यावरचे तीन आकडे दाखवले, मधला, स्फुरदाचा (फॉस्फरसचा), शून्य. 2005 पासून आमच्या राज्यात लॉनला स्फुरद घालता येत नाही. नवं लॉन असेल किंवा माती तपासणीत कमी निघालं तरच. तळ्यांत शेवाळ माजतं म्हणून. त्यांनी पोतं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग माती तपासून घे की." नमुना पाठवलाय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत.

आज सकाळी चहाआधीच बाहेर गेले होते. मूठ दाबली, बोट लावल्यावर ढेकूळ भुगा झालं. मला हाक मारली, "ये, दंताळं घेऊन ये."