ठसे सक्तीचे नाहीत, पण द्याच
अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात कन्सील्ड कॅरीच्या, म्हणजे बंदूक लपवून सोबत बाळगायच्या परवान्यासाठी बोटांचे ठसे द्यावेच लागतात, असं या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय, ते तितकंसं बरोबर नाही. कायद्याने ते ऐच्छिक आहेत. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून स्टेट पोलिसांना निर्णयासाठी ९० दिवस असतात. ठसे जोडले नाहीत तर त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. घाई असेल तर ठसे द्या, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. मी ठसे द्यायला गेलो तो जानेवारी होता. शिकागोकडच्या थंडीने बोटांची टोकं भेगाळलेली, त्यात घरी फरशी बसवायचं काम चाललेलं, सिमेंटने कातडी घासून गेलेली. लाइव्ह स्कॅनच्या, म्हणजे शाईऐवजी यंत्राने ठसे घेतात त्या काचेवर प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवतात. माझा उजवा अंगठा चार वेळा फिरवला तरी रेषा उमटेनात. शेवटी ठसे घेणाऱ्या बाईंनी ओलसर फडक्याने बोट पुसून दिलं, तेव्हा कुठे जमलं. म्हणून आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल लावा आणि पावतीवरचा टीसीएन, म्हणजे ठशांच्या नोंदीचा क्रमांक जपून ठेवा, अर्जात तोच भरायचा असतो.