विषय: हरणाची ग्रंट ट्यूब कधी फुंकायची?

मंडळी, नमस्कार.
यंदा विस्कॉन्सिनचं आर्चरीचं (धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचं) लायसन्स काढलं. शनिवारी पहाटेपासून मचाणावर (ट्री-स्टँड म्हणायचं जिवावर येतं) बसून दर पाच मिनिटांनी ग्रंट ट्यूब (नराच्या हुंकारासारखा आवाज काढणारी नळी) फुंकली. आठ टोकांच्या शिंगांचा एक नर साठेक यार्डांवर थबकला, कान माझ्याकडे केले, मोठा वळसा घालून पाठीमागे गेला. मग एकच 'फुस्स!' आणि पांढरी शेपटी वर करून पसार. माझं चुकलं काय? यादीत कोणी जाणकार आहे का?
– मॅडिसनचा नवशिका

---

अरे, तो तुझ्याकडेच येत होता, फक्त सरळ नाही. आवाज ऐकला की अनुभवी नर आधी वळसा घेतो आणि तुझ्यावरून येणाऱ्या वाऱ्यात नाक खुपसतो. तेव्हा वारा तुझ्याकडून जिकडे जातो तिकडे ओढा नाहीतर उघडं शेत हवं. मग वळसा घ्यायला तो बिचकतो, किंवा वास लागायच्या आत दिसतो तरी.

आणि पाच मिनिटांनी? दारावरचा भाजीवाला आहेस का तू! मी अर्ध्या तासाने दोन-तीन हलके ग्रंट देतो. नर दिसला आणि दूर चालला असेल तरच एक हाक. थांबला, कान फिरवले, म्हणजे ऐकलं. ट्यूब खिशात. येणाऱ्याला पुन्हा हाक मारलीस तर त्याला तुझं झाड नेमकं कळतं.

ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा सोडू नकोस. तेव्हा नर मादीच्या शोधात वणवणत असतात, दोन नर झुंजताहेत असं वाटावं म्हणून शिंगं आपटल्याचा आवाजही चालतो. मादी माजावर असते जेमतेम एक दिवस, पण नोव्हेंबरच्या मध्यावर बऱ्याच एकदम येतात. नर एकीला चिकटला की खुशाल सनई-चौघडा वाजव, तो हलणार नाही. गाभण न राहिलेल्या माद्या साधारण २८ दिवसांनी परत माजावर येतात, म्हणून डिसेंबरात एक बारीकशी संधी असते. स्नॉर्ट-व्हीझच्या (नर दुसऱ्या नराला धमकावतो त्या फुत्काराच्या) नादी आत्ता लागू नकोस, कोवळे नर त्याने पळतात.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा गन सीझन लागतो. त्यात शिंगं अजिबात आपटायची नाहीत. हरीण समजून बंदूकवाला माणूस येईल.

ताडोबात चितळाचा धोक्याचा कॉल आला की गाईड जिप्सी वळवतो ना? तुझ्या त्या 'फुस्स'मधला वाघ तूच होतास.
– दादा

---

ही यादी फराळाच्या नोंदणीसाठी आहे अशी माझी समजूत होती! असो. शाकाहारी माणसाच्या कामाची एक गोष्ट: दिवाळीच्या कार्यक्रमाहून रात्री परतताना एखादी हरणी धावत रस्ता ओलांडून गेली तर लगेच गाडी पुढे काढू नका. मागून नाक जमिनीला लावून नर येतो, तो दिव्यांकडे बघतही नाही. आमचं बंपर गेल्या वर्षी असंच गेलं.
चकलीचे आकडे गुरुवारपर्यंत कळवा.
– वहिनी