१७९७ चा अर्धा सेंट, लिबर्टीच्या मानेमागे तिरक्या रेघा: नाणं खराब आहे का?

दांडियाबाजारकर:
भाच्यानं न्यू जर्सीहून तांब्याचं एक नाणं आणलंय. अमेरिकेचा अर्धा सेंट, साल १७९७. एका बाजूला मोकळ्या केसांची लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवी, खांद्याला काठी आणि काठीवर टोपी. मागे पानांचं वेटोळं, खाली १/२००, म्हणजे डॉलरचा दोनशेवा भाग. पण मानेमागे तीन-चार तिरक्या रेघा आहेत, काठाशी अर्धवट अक्षरासारखं काहीतरी. इथं बडोद्यात मांडवीतल्या एका दुकानदारानं नीट न बघताच सांगितलं, ‘खोटो छे.’ घरात ठरतंय की चिंच-मीठ लावून चकचकीत करावं. करू का?

निवृत्त_प्रेसवाला:
चिंच आधी लांब ठेवा! तांब्याचा जुना रंग गेला की परत येत नाही.

रेघा उठावाच्या आहेत की खोल? नखानं नाही, भिंगानं बघा. ओरखडा खोल असतो. उठावाच्या, पण चेपलेल्या असतील तर ते बहुधा जहाजाचे दोर आहेत. टाल्बट, अ‍ॅलम अँड ली ही न्यूयॉर्कची पेढी, धंदा भारताशी व्यापाराचा. त्यांनी १७९४ आणि १७९५ चे तांब्याचे टोकन, म्हणजे नाण्यासारखे खासगी बिल्ले, इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला पाडून घेतले. एका बाजूला लिबर्टी, दुसऱ्या बाजूला जहाज. तिकडे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला तांब्याची चणचण. १७९५ साली तिनं हे टोकन वजनानं हजार पौंडांहून जास्त, नगात सुमारे ५२ हजार, विकत घेतले.

मी तीस वर्षं मकरपुऱ्यात पॉवर प्रेसवर काढली, त्यामुळे पुढचं मला डोळ्यासमोर दिसतं. टोकन साधारण २९ मिलिमीटर, अर्धा सेंट साडेतेवीस. मधून चकती पंच करायची, कडेवरची अक्षरं भंगारात. मग त्याच चकतीवर नवा ठसा. दाब पुरा बसला नाही की खालचं डोकावतं. नवं तांबं ओतून पत्रा लाटण्यापेक्षा हे किती स्वस्त! आमचा फोरमन असता तर त्यानंही हेच केलं असतं.

सयाजी_पैसा:
प्रेसवाले काका, दम धरा. रेघ दिसली की जहाज म्हणायचं, असं नको. आपल्या सयाजीरावांच्या पैशावर खूर आणि तलवार ओळखता येते, तसं काहीतरी ओळखू यायला हवं. वजन करा. १७९५ च्या डिसेंबरात अर्ध्या सेंटाचं वजन १०४ ग्रेनवरून ८४ वर आणलं, म्हणजे ५.४४ ग्रॅम. कापलेल्या चकत्या थोड्या इकडेतिकडे असतात, पण फारच फरक असेल तर शंका घ्या.

दांडियाबाजारकर:
सोनाराच्या काट्यावर ५.६ भरलं. रेघा उठावाच्याच आहेत. नाणं उलटं धरलं तेव्हा कळलं: दोन दोर वर जाऊन एका डोलकाठीला मिळतात. लिबर्टी डोक्यावर उभी राहिली तर जहाज सरळ! चिंच आमटीत गेली. फोटो रात्री टाकतो, भाचा मोबाइल घेऊन सुरसागरला फिरायला गेलाय.