‘गवत कापायचं इंजिन आडवं पाडा, झाली एअरबोट’ म्हणणाऱ्यांसाठी

खटपट्या
परवा एकाने लिहिलं की एकट्या माणसाची छोटी एअरबोट (मागे हवेचा मोठा पंखा लावून चालणारी बोट) करायला फार डोकं लागत नाही. गवत कापायच्या मशीनचं उभ्या शाफ्टचं इंजिन घ्या, आडवं पाडा, शाफ्टला पंखा ठोका, गव्हर्नर काढून टाका म्हणजे ताकद दुप्पट, आणि निघा. खाली सगळ्यांचे ‘वा वा’, ‘मस्त माहिती’. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

उभ्या शाफ्टचं इंजिन आडवं केलं की तेल तळात राहत नाही, सिलिंडरमध्ये नाहीतर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) कार्बोरेटरकडे जातं, कार्बोरेटरचा फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) आडवा पडतो आणि पेट्रोल एकतर येतच नाही नाहीतर वाहत सुटतं. आधी धूर, मग जाम. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, माझं पहिलं इंजिन असंच गेलंय.

आणि तो गव्हर्नर. अहो, गव्हर्नर ताकद दाबून ठेवत नाही, वेग ठरलेल्या आकड्याच्या वर जायला लागला की तो थ्रॉटल (इंजिनात माल सोडणारी झडप) मिटतो, एवढंच. 196 सीसीचं साडेपाच एचपीचं इंजिन ती ताकद 3600 आरपीएमला देतं. तुमचा पंखा जर त्याला 3000 च्या वर जाऊच देत नसेल तर थ्रॉटल आधीच सताड उघडा आहे, मग गव्हर्नर काढून काय मिळणार, कपाळ? आणि पंखा हलका असला, इंजिन खरंच 5000 ला गेलं, तर फ्लायव्हीलवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. ओतीव लोखंडाचं ते चाक तुमच्या पाठीमागे दोन हातांवर फिरत असतं हे लक्षात घ्या.

ताकद कमी पडतेय ना, मग पंख्याचा व्यास वाढवा. तेवढ्याच साडेपाच एचपीवर 36 इंची पंख्याला कागदावर जास्तीत जास्त 30 किलो ढकल मिळते, 48 इंचीला 37, 60 इंचीला 43. प्रत्यक्षात यातला साठ-सत्तर टक्के हाती लागला तर पदरात पडलं म्हणायचं. आणि मोठा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरवता येत नाही म्हणून बेल्ट लावून वेग निम्मा करायचा. माझं मत: आडव्या शाफ्टचं फोर स्ट्रोक, एकास दोन बेल्ट, 48 इंची पंखा. बाकी सगळी हौस.

टूस्ट्रोक_नाना
निबंध छान आहे, पण वजनाबद्दल एक अक्षर नाही. लोखंडी पुल्या, बेअरिंगं, वरचा शाफ्ट, ते सगळं धरून ठेवायची फ्रेम, हे सगळं चढवून बोट पाण्यात बसली की मग 37 किलो ढकल चाटायची का? पॅरामोटरवाले, म्हणजे पाठीवर इंजिन-पंखा बांधून पॅराशूटसारख्या पंखाखाली उडणारे, दोनशे सीसीच्या आतलं टू स्ट्रोक पाठीवर बांधून माणूस हवेत उचलतात. मी नऊ वर्षं टू स्ट्रोकच वापरतोय, पाठीमागे एका हाताने उचलून ठेवता येतं. फोर स्ट्रोक पंप चालवायला ठीक आहे, बोटीला नाही.

बेअरिंगबाई
नाना, त्या पॅरामोटरवर पण रिडक्शन (पंख्याचा वेग कमी करायची सोय) असतंच, तेवढं सांगायचं राहिलं वाटतं.

आणि नऊ वर्षांत किती पिस्टन बदलले तेही लिहा ना. माझ्या भावाचं टू स्ट्रोक पाण्याच्या मध्यावर जाम झालं, क्रँकचं सील गेलेलं, तिथून हवा ओढत होतं, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलला वेग आपोआप चढायला लागला होता आणि हे महाशय खूश की इंजिन मोकळं झालं. प्लग पांढराफटक निघाला. एअरबोटीला ना ब्रेक ना रिव्हर्स, आणि सुकाणू चालतं ते पंख्याच्या वाऱ्यावर, इंजिन बंद म्हणजे वळणंही बंद. मग वल्ही. जी त्याने नेली नव्हती.

टूस्ट्रोक_नाना
सील गेलं ही इंजिनाची चूक नाही, बघणाऱ्याची आहे. आणि आता विषय निघालाच आहे तर सांगतो, निम्मी टू स्ट्रोक जाम होतात ती ‘पेट्रोलमध्ये थोडं जास्त तेल घाला, सुरक्षित असतं’ म्हणणाऱ्या शहाण्यांमुळे. जेटमधून (कार्बोरेटरच्या बारीक भोकातून) जाणारा माल तेवढाच, त्यात तेल वाढलं की पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण अजून पातळ. दहा वेळा लिहिलंय मी हे. कोणी ऐकत नाही. जे प्रमाण दिलंय ते घाला, मापाने घाला, अंदाजाने नाही.

(पिस्टन तीन बदलले. नऊ वर्षांत. झालं समाधान?)

पाणकोंबडा
मला एक कळत नाही, पाण्यात बोट चालवायची तर पंखा पाण्यात का नको? हवेपेक्षा पाणी आठशे पट जड, तेवढ्याच इंजिनावर छोटासा पंखा दुप्पट-तिप्पट ढकलेल. तुम्ही हवा ढकलताय आणि शेजारच्यांचे कान फोडताय. आमच्या इथे एकजण रविवारी सकाळी सुरू करतो, बगळे सोडा, मासेसुद्धा स्थलांतर करत असतील.

खटपट्या
घोटाभर पाणी, खाली चिखल, वर पाणवनस्पतींचं गादीसारखं जाळं. तिथे तुमचा पाण्यातला पंखा किती फूट जातो ते कळवा. एअरबोट त्यासाठीच असते, खोल पाण्यात ती कोणी करत असेल तर तो मूर्ख हे मान्य. आवाजाचंही मान्य, पण आवाज मुख्यतः पात्याच्या टोकाच्या वेगाचा असतो. 60 इंची पंखा सरळ 3600 ला फिरवलात तर टोक सेकंदाला 287 मीटर जातं, ध्वनीच्या वेगाच्या पाच-षष्ठांशापर्यंत. माझं 48 इंची 1800 ला फिरतं, टोक 115 मीटर. म्हणूनच बेल्ट म्हणतोय मघापासून.

शंकेखोर
नमस्कार, मी नवीन आहे, भांडणात मधे पडतोय माफ करा. माझी बोट तयार आहे, आडव्या शाफ्टचं 196 सीसी, बेल्ट, सगळं खटपट्या म्हणतात तसंच. जमिनीवर बांधून अर्धा तास चालवलं, काही त्रास नाही. पाण्यात फुल थ्रॉटल दिला की चार-पाच मिनिटांनी धापा टाकून बंद पडतं. दहा मिनिटं थांबलो की पहिल्या दोरीला सुरू. कार्बोरेटर दोनदा साफ केला, जेट बदलला. काय बघू?

नटबोल्ट
गरम होतंय. फ्लायव्हीलवरचं पत्र्याचं झाकण काढलंय का? बरेच जण ‘हवा खेळेल’ म्हणून काढतात आणि तिथेच फसतात, त्या झाकणामुळेच पंख्याची हवा सिलिंडरवर जाते.

निवांत_नावाडी
तेलाचा सेन्सर. तेल कमी दिसलं की इग्निशन तोडतो, बोट कलली की त्याला वाटतं तेल संपलं. वायर काढून बघा. माझी खात्री आहे शंभर टक्के.

बेअरिंगबाई
शंभर टक्के खात्री असणाऱ्यांनी सेन्सरची वायर कायमची काढून क्रँक घालवलेलं मी पाहिलंय.

शंकेखोर, आधी जेट, कॉइल, सेन्सर सगळं बाजूला ठेवा आणि बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघा. ठिणगी आहे का, आणि प्लग ओला की कोरडा. सेन्सर किंवा कॉइल असेल तर ठिणगी नसेल. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा तर पेट्रोल येत नाहीये. आणि टाकी कुठे बसवलीय?

शंकेखोर
झाकण आहे. टाकी इंजिनावरची काढली, वजन पुढे हवं म्हणून सीटच्या पुढे खाली ठेवलीय, तिथून पाइप आणलाय. पंप वगैरे नाही. प्लगचं रविवारी बघून सांगतो.

नटबोल्ट
बरं ते होईपर्यंत एक विचारतो. मला सरळ विमानाच्या पुढे लावतात तसला तयार लाकडी पंखा मिळतोय. बोटीवर मागे लावायचाय, तर उलटा करून बसवला की झालं ना?

खटपट्या
नाही झालं. उलटा केला तरी हवा त्याच बाजूला जाणार.

निवांत_नावाडी
काहीही काय. टेबलफॅनचं पातं उलटं बसवलं की हवा मागे जाते, शाळेतलं पोरही सांगेल. मी स्वतः माझ्या बोटीला केलंय. पहिल्या दिवशी बोट मागे आली, सगळ्यांसमोर, मेहुण्याने अजून व्हिडिओ ठेवलाय. पंखा उलटा बसवला आणि दुसऱ्या दिवशी पुढे गेली. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि तुमचं गणित खरं का?

खटपट्या
एक नट घ्या. बोल्टवर चढवा. आता नट काढून पालथा करा, परत चढवा. घट्ट करायची दिशा बदलली का? पंख्याचा पीळ तसाच असतो, पालथा केला म्हणून उजव्याचा डावा होत नाही. फक्त पात्याची फुगीर बाजू चुकीच्या बाजूला जाते आणि मागची कड पुढे येते, म्हणजे ढकल आणखी कमी. फुगीर बाजू कायम बोटीच्या नाकाकडे.

निवांत_नावाडी
नट म्हणजे पंखा नव्हे. आणि तुमच्या बोलण्यातला तो सूर जरा आवरा. इथे सगळे तुमचे विद्यार्थी नाहीत.

टूस्ट्रोक_नाना
नावाडी, सूर सोडा, पण नटाचं बरोबर आहे. मला आवडलं नाही तरी बरोबर आहे. या इंजिनांचा शाफ्ट त्याच्या टोकाकडून बघितला तर घड्याळाच्या उलट फिरतो. टोक मागे ठेवून थेट शाफ्टवर पंखा लावला तर मागून ढकलणारा पंखा म्हणूनच बनवलेला, उलट पिळाचा लागतो. विमानाच्या पुढचा लावाल तर बोट उलटी पळेल, कसाही बसवा.

बेअरिंगबाई
आणि बेल्टने दिशा बदलत नाही, गिअरची एक जोडी लावली तर बदलते. नावाडीकाका, रागावू नका, पण एक आठवून सांगा. तुमची बोट मागे आली तेव्हा पंखा सरळ शाफ्टवर होता आणि दुसऱ्या दिवशी बेल्ट लावलेला होता का? आणि बेल्टसाठी इंजिनाचं तोंड फिरवलं होतं का?

निवांत_नावाडी
त्याचा काय संबंध?

बेअरिंगबाई
तोच तर संबंध आहे. इंजिनाचा शाफ्ट नाकाकडे करून वरच्या शाफ्टला बेल्ट दिला तर मागून बघताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि मग तो विमानाचा पंखा बरोबर चालतो. बोट इंजिन फिरवल्यामुळे पुढे गेली. पंखा पालथा केला नसतात तर अजून जोरात गेली असती.

निवांत_नावाडी
इंजिन फिरवलं होतं. आठवलं. फ्रेममध्ये बसत नव्हतं म्हणून. आता यावरून मिरवणूक काढा. सहा वर्षं मी पालथ्या पंख्याने फिरतोय आणि मजेत फिरतोय, तुमच्या सगळ्यांच्या गणिताला साष्टांग दंडवत.

पाणकोंबडा
सहा वर्षं मागच्या कडेने हवा कापत फिरलात, म्हणजे आवाज कुठून येत होता ते कळलं.

निवांत_नावाडी
तुम्ही कोण? तुमच्याकडे बोट तरी आहे का?

पाणकोंबडा
नाही. कान आहेत.

खटपट्या
अवांतर पुरे. नटबोल्ट, तो विमानाचा पंखा घ्यायचा असेल तर इंजिन फिरवून बेल्टवर घ्या, नाहीतर घेऊ नका. आणि पंखा कुठलाही असो, चारी बाजूंनी जाळी, हात जाणार नाही इतकी बारीक, आणि किल स्विचची (इंजिन झटकन बंद करायच्या बटणाची) दोरी मनगटाला. खिशातला पानासुद्धा उडून पंख्यात गेला तर पातं फुटतं.

टूस्ट्रोक_नाना
जाळीचं आणि दोरीचं एकदम मान्य. बेल्टचं अजिबात नाही.

शंकेखोर
रविवारचा रिपोर्ट. बंद पडल्यावर लगेच प्लग काढला. ठिणगी चांगली, प्लग कोरडा. मग भावाला काठावरून फुल थ्रॉटलला बघायला सांगितलं, तो म्हणाला बोटीचं नाक पाण्यात दबतंय.

बेअरिंगबाई
दबणारच. पंखा उंचावर, पाण्याचा विरोध खाली, मग नाक खालीच जातं. तुमची टाकी नाकाकडे, पाइप नुसत्या उताराने. जमिनीवर टाकी कार्बोरेटरच्या जेमतेम वर होती, पाण्यात नाक दबलं की खाली गेली. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल संपलं की बंद. थांबलात की बोट सपाट, वाटी परत भरते, इंजिन सुरू. टाकी मागे कार्बोरेटरच्या वर घ्या, सायलेन्सरपासून लांब, नाहीतर छोटा पंप लावा.

निवांत_नावाडी
टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलंही असू शकतं, ते कोणी विचारलं नाही. (सेन्सर नव्हता, मान्य.)

शंकेखोर
झाकण सैल करून पण चालवलं, फरक नाही. आज लाकडी ठोकळे घालून टाकी इंजिनाच्या वर तात्पुरती बांधली. पंचवीस मिनिटं फुल थ्रॉटल, एकदाही बंद नाही. पण नाक अजूनही दबतंय कारण वजन मागे घेतलं तरी मी स्वतः पुढेच बसतोय. सीट मागे घेऊ का?

टूस्ट्रोक_नाना
सीट नको. टू स्ट्रोक लावा, इंजिन खाली घेता येईल.

खटपट्या
पंख्याचा मध्य खाली आला तर नाक सुटेल, इंजिन कुठलंही असो, नाना. शंकेखोर, सीट फूटभर मागे घ्या आणि फोटो टाका, जाळीसकट.