शाळेत प्रयोग नेतो, पण मुलं थांबतच नाहीत. काय करावं?

प्रयोगपेटी: नमस्कार मंडळी. मी दोन वर्षं एका विज्ञान संग्रहालयाची स्वयंसेवक आहे. आम्ही चौघं सहा प्रयोग घेऊन शाळेत जातो. समोर ४० मुलं, हातात ३५ मिनिटं. मुलं जनित्राचा (हाताने फिरवून वीज करायच्या यंत्राचा) दांडा गरागरा फिरवतात, "लागला!" म्हणून ओरडतात आणि पुढच्या टेबलाकडे पळतात. परवा आवराआवर करताना एकाला विचारलं, काय पाहिलंस? "दिवा लागला," म्हणाला. एवढंच. रात्रभर तेच डोक्यात होतं.

चुंबकवाला: ताई, सहाचे दोन करा. एवढं एक केलंत तरी निम्मं काम झालं.

जनित्राला एलईडी असेल तर काढा. त्याला वीज इतकी कमी लागते की हाताला फरक कळत नाही. तारेचा जुना बल्ब लावा आणि मूल दांडा फिरवत असतानाच बल्बची एक तार सोडवा. दांडा एकदम हलका होतो. पुन्हा जोडा, जड. मग गप्प राहा. "असं का?" हे मुलाच्या तोंडून येऊ द्या. आपल्याला तिथेच बोलायची घाई होते.

दुसरा प्रयोग तांब्याच्या नळीचा. चुंबक तांब्याला चिकटत नाही, हे आधी मुलांनाच तपासू द्या. मग मीटरभर नळीतून साधा लोखंडी तुकडा सोडा. अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. त्यानंतर चुंबक. तो रेंगाळत, सावकाश उतरतो. एकदा नळी धरलेली मुलगी म्हणाली, "आत पडतोय, तरी त्याचं वजन माझ्या हाताला लागतंय." अगदी बरोबर! पडत्या चुंबकामुळे नळीत वीज फिरते, ती चुंबकाला वर रेटते आणि तेवढाच रेटा नळीला खाली बसतो. फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ मध्ये चुंबक हलवून वीज मिळवली, लेन्झ या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये तिची दिशा सांगितली: चुंबकाची हालचाल अडवणारी. मी नळी शेकडो वेळा दाखवली असेल, पण ते वजन मला त्या मुलीने दाखवलं.

वर्गशिक्षिका: शिक्षकांना आदल्या आठवड्यात फोन करा. मुलांचे गट आम्ही पाडून ठेवू. नाहीतर तुमची पहिली दहा मिनिटं रांगेतच जातात.

प्रयोगपेटी: चुंबकवाले काका, तार सोडवायची कल्पना या शनिवारीच करून बघते. लोखंडी तुकडा चुंबकाच्याच मापाचा हवा का?

चुंबकवाला: हो, जाडी-लांबी तीच. नाहीतर मुलं म्हणतील, तो बारीक होता म्हणून पडला. दोन्ही एका पिशवीत मात्र ठेवू नका, सोडवताना बोट चिमटतं. आणि सुटे छोटे चुंबक मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढतात, जिवावर बेततं. एकच मोठा न्या, निघताना आठवणीने परत घ्या.